जुन्या पोलादी फ्रेमची पारख

सायकलची चाकं, ब्रेक, गियर, हँडल, सीट, साखळी यांतलं काहीही झिजलं किंवा मोडलं, तरी दुसरं बसवता येतं आणि सायकल तीच राहते. फ्रेम बदलली की मात्र सायकलच दुसरी होते. म्हणून तीस-चाळीस वर्षांपूर्वीची पोलादी रेसिंग सायकल किंवा तिची नुसती फ्रेम विकत घेणारा माणूस खरं तर आठ नळ्या, पुढचं चाक धरणारा एक चिमटा आणि त्यांना जोडणारे सांधे विकत घेत असतो. बाकीचं सगळं पुढेमागे बदलायचंच असतं.

अशा फ्रेमना आज जगभर गिऱ्हाईक आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या मोठ्या शर्यती पोलादी सायकलींवर जिंकल्या जात होत्या. मग ॲल्युमिनियम आलं, त्यामागून कार्बन फायबर आलं, आणि उत्तम कारागिरांनी हातानं जोडलेल्या हजारो फ्रेम गॅरेजमध्ये आणि तळघरांत जाऊन पडल्या. पुढे त्यांचे दिवस पालटले. इटलीतल्या गायोले इन कियांती या गावी १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी भरते. तिथे १९८७ पूर्वीच्या घडणीच्या सायकली लागतात, गियरच्या दांड्या खालच्या नळीवर असाव्या लागतात आणि ब्रेकच्या केबली उघड्या. कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरच्या या फेरीमुळे जुन्या सायकलींना मान मिळाला आणि भावही चढले. त्याच सुमारास मोठ्या शहरांतल्या तरुणांत बिनगियरच्या सायकलींची हौस पसरली आणि मागणी आणखी वाढली.

मागणी वाढल्यावर बाजार जे करतो तेच इथेही झालं. भाव स्टिकरवरून ठरू लागला. ‘रेनॉल्ड्स ५३१’, ‘कोलंबस एसएल’, ‘कोल्नागो’ ही अक्षरं दिसली की विकणारा दुप्पट सांगतो आणि घेणारा तेवढे देतोही. फ्रेम सरळ आहे का, आतून गंजली आहे का, तिच्या आट्यांना बसणारा माल आज मिळतो का, आणि मुख्य म्हणजे ती आपल्या अंगाला बसते का, हे प्रश्न पैसे देऊन झाल्यावर सुचतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा: आधी माप, मग शाबूतपणा, मग आटे, आणि नाव सगळ्यांत शेवटी.

नावांना अर्थ नाही असं मात्र नाही. तो अर्थ कळायला नळीच्या आत डोकवावं लागतं. बर्मिंगहॅमचं रेनॉल्ड्स हे मुळात खिळे बनवणाऱ्यांचं घराणं. १८९७ मध्ये आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी दोन्ही टोकांना जाड आणि मधे पातळ अशी नळी ओढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यामागचा विचार साधा होता. सायकलवर येणारा ताण सांध्यापाशी सर्वांत जास्त असतो आणि जोडताना दिलेल्या उष्णतेनं पोलादही तिथेच कमजोर होतं, तेव्हा धातू तिथे भरपूर ठेवायचा आणि मधला काढून टाकायचा. नळीचा बाहेरचा व्यास सगळीकडे सारखाच राहतो, त्यामुळे ही करामत बाहेरून दिसत नाही. १९३५ मध्ये याच कंपनीनं मँगनीज-मॉलिब्डेनमचं मिश्रपोलाद वापरून ‘५३१’ बाजारात आणलं आणि पुढची चाळीसेक वर्षं चांगल्या सायकलीच्या सीट-नळीवर तो आकडा मिरवत राहिला. तिकडे मिलानमध्ये आंजेलो लुइजी कोलंबो यांनी १९१९ मध्ये काढलेल्या कारखान्यातून कोलंबसच्या क्रोम-मॉलिब्डेनमच्या नळ्या निघाल्या. जपानमध्ये तांगे आणि इशिवाता यांनी तोलामोलाच्या नळ्या बनवल्या, फ्रान्समध्ये व्हिटसनं. कोलंबस एसएल या प्रसिद्ध संचात मुख्य नळ्यांची भिंत टोकाला ०.९ मिलिमीटर असते आणि मधे ०.६. स्वस्त सायकलीची नळी सव्वा-दीड मिलिमीटर जाड आणि तीही या टोकापासून त्या टोकापर्यंत. हाताला जाणवणारा वजनातला फरक इथून येतो.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगायला हवी, कारण जुन्या सायकलींच्या बाजारातली निम्मी किंमत तिच्या अज्ञानावर उभी आहे. पोलाद साधं असो की उंची, त्याची लवचीकता जवळपास एकच असते. सारख्या व्यासाच्या आणि सारख्या जाडीच्या दोन नळ्या, एक स्वस्त आणि एक महाग, समान भाराखाली समान वाकतात. महाग पोलादाचा गुण त्याच्या ताकदीत आहे. ते कायमचं वाकायला किंवा तुटायला जास्त जोर लागतो, म्हणून कारागीर त्याची नळी पातळ घेऊ शकतो. ‘५३१ चालवताना जिवंत वाटतं’ असं म्हणणारे खोटं बोलत नसतात, पण त्यांना जाणवतो तो नळीच्या भिंतीचा पातळपणा, फ्रेमची ठेवण आणि बरेचदा चांगले टायर. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या ‘बायसिकल गाइड’ मासिकानं हे तपासून पाहिलं होतं. इटलीतले नामवंत फ्रेमकार आंतोनिओ मोंदोनिको यांच्याकडून त्यांनी एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या सात फ्रेम करून घेतल्या. प्रत्येकीच्या नळ्या कोलंबसच्याच, पण वेगळ्या दर्जाच्या. कुठली कोणती हे न सांगता त्या चालवायला दिल्या, तेव्हा मुरलेल्या चाचणीकारालाही सर्वांत महाग फ्रेम स्वस्तातल्या फ्रेमपासून खात्रीनं वेगळी काढता आली नाही. हे लक्षात ठेवलं तर एसएलऐवजी कोलंबसचाच वरचा संच एसएलएक्स आहे म्हणून दीडपट पैसे मोजायची गरज उरत नाही.

चांगली नळी आणि पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाची भावंडं यांतला फरक मात्र खरा आहे आणि तो ओळखता यायला हवा. रेनॉल्ड्सचं स्टिकर वाचताना आकड्याखालच्या बारीक ओळीकडे बघावं. तिथे नळ्या, चिमटा आणि मागच्या काड्या सगळ्या ‘बटेड’ (म्हणजे टोकांना जाड, मधे पातळ) ५३१ च्या आहेत असं लिहिलेलं असेल तर ती पूर्ण फ्रेम. फक्त तीन मुख्य नळ्यांचा उल्लेख असेल तर चिमटा आणि मागचा भाग साध्या पोलादाचा. ‘प्लेन गेज’ लिहिलं असेल तर धातू ५३१ चाच, पण भिंत सगळीकडे सारखी. १९८० च्या दशकात याच घराण्यात आणखी फांद्या फुटल्या. ५३१सी शर्यतीसाठी, ५३१एसटी लांबच्या प्रवासासाठी, आणि ५०१ ही क्रोम-मॉलिब्डेनमची स्वस्तातली नळी. यांत एसटीची फ्रेम कुणी मिरवत नाही, म्हणून ती कमी भावात मिळते. आपल्याकडच्या रस्त्यांवर चालवणाऱ्यानं मुद्दाम शोधावी अशी ती आहे.

पण स्टिकर आज कुणीही छापून मिळवतो. रंग नवा आणि स्टिकर करकरीत असेल तर पोलादालाच विचारावं. पहिला पुरावा सीट-पिलरचा व्यास. सीट-नळीचा बाहेरचा व्यास या काळातल्या बहुतेक फ्रेममध्ये २८.६ मिलिमीटर असतो, त्यामुळे पिलर जितका जाड तितकी नळीची भिंत पातळ. २७.२ चा पिलर बसत असेल तर नळी चांगली असण्याची शक्यता मोठी. २६ च्या आसपासचा बसत असेल तर भिंत जाड आहे आणि स्टिकर काहीही सांगो, मनात शंका धरावी. फ्रेंच फ्रेमची मापं वेगळी, तिथे हा ठोकताळा जसाच्या तसा चालत नाही. दुसरा पुरावा चिमट्याच्या दांड्यात. कोलंबसच्या उंची संचांत तो खालच्या टोकाला आतून पिळदार कण्यांचा असतो, बोट घातलं तरी कळतं. एसएलएक्स असेल तर तसेच कणे पेडलच्या घरात (पेडलचा एक्सल बसतो तिथे) उघडणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशीही दिसतात. तिसरी जागा म्हणजे मागचं चाक अडकतं त्या खाचा. जाड, घडीव आणि त्यांवर कँपान्योलो, सनटूर, शिमानो किंवा जिपिएम्मे असं कोरलेलं असेल तर बनवणाऱ्यानं फ्रेमवर पैसे खर्च केले होते. पत्र्यातून कापलेल्या चपट्या खाचा असतील तर बाकीचीही काटकसर गृहीत धरावी. शेवटी सांध्यांच्या कडा. जोडाचे तुकडे घासून पातळ केलेत का, पितळ सगळीकडे एकसारखं भरलंय का, कुठे फट किंवा ओघळ आहे का, हे नुसत्या नजरेनं दिसतं.

देशोदेशींच्या फ्रेममधून कुठली निवडावी याबद्दल मत द्यायचं तर माझं पहिलं बोट १९८० च्या दशकातल्या मधल्या दर्जाच्या जपानी फ्रेमकडे जातं. मियाता, पॅनासॉनिक, फूजी, ब्रिजस्टोन आणि अमेरिकी नावाखाली जपानमध्ये बनवलेल्या सेंच्युरियन, युनिव्हेगा यांचे सांधे स्वच्छ, नळ्या सरळ आणि आटे आजही सहज मिळणाऱ्या मापाचे. मियाता तर आपल्या नळ्या स्वतःच ओढत असे. हा चांगला माल बाजारात इतका कसा आला आणि अचानक थांबला कसा, याचं उत्तर सायकलीबाहेर आहे. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच मोठ्या देशांचा चलनविषयक करार झाला, येन झपाट्यानं महागला आणि अमेरिकेत जपानी सायकल परवडेनाशी झाली. कारखानदारी तैवानकडे सरकली. अगदी शेवटच्या टप्प्यात ब्रिजस्टोनच्या अमेरिकी शाखेत ग्रँट पीटरसन यांच्या देखरेखीखाली आरबी-१ सारख्या फार सुंदर पोलादी सायकली निघाल्या, आणि १९९४ मध्ये ती शाखाच बंद झाली. आरबी-१ आज संग्राहकांनी महाग करून ठेवली आहे. तिच्या साध्या बहिणी मात्र अजून आवाक्यात आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी यांच्याबरोबर विस्कॉन्सिनमध्ये १९७६ साली सुरू झालेल्या ट्रेकच्या पहिल्या दशकातल्या, हातानं जोडलेल्या फ्रेमवरही लक्ष ठेवावं.

इंग्लंडमधल्या फ्रेमचा मोठेपणा छोट्या कार्यशाळांत आहे. डर्बीची मर्सियन, लीड्सची बॉब जॅक्सन, नागमोडी वळलेल्या मागच्या काड्यांची हेचिन्स. तिथल्या हवेमुळे मडगार्डसाठी जागा सोडायची पद्धत होती. ती जागा आज जाड टायरच्या कामी येते. रॅलेचं नाव दोन टोकांना आढळतं. इल्केस्टनच्या विशेष विभागात बनलेल्या फ्रेम उत्कृष्ट, योप झूटेमेल्क यांनी १९८० ची ‘टूर द फ्रान्स’ रॅले संघातूनच जिंकली. नॉटिंगहॅमच्या मुख्य कारखान्यातल्या सर्वसाधारण सायकली मजबूत पण जड, आणि त्यांतल्या अनेकींचे आटे कंपनीचे खास, इतर कुणाशी न जुळणारे.

इटलीबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण त्या फ्रेम दिसायला सर्वांत देखण्या. एडी मर्क्स यांनी १९७२ मध्ये मेक्सिको शहरात तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापण्याचा विक्रम केला तो एर्नेस्तो कोल्नागो यांनी बनवलेल्या सायकलवर. दे रोझा, चिनेल्ली, पिनारेल्लो, बियांकी या प्रत्येक नावामागे शर्यतींचा असाच इतिहास आहे. पण त्या इतिहासाचे पैसे भावात धरलेले असतात. शिवाय शर्यतीच्या इटालियन फ्रेममध्ये टायरभोवती जागा फार कमी. पंचवीस मिलिमीटरचा टायर कसाबसा बसतो, अठ्ठावीसचा घासेल की काय ही धाकधूक. आणि त्या कंपन्यांच्या सर्वसाधारण मॉडेलांत रंगाखालची सफाई नेहमी नावाला साजेशी नसते. फ्रेंच फ्रेमची गत उलटी. पूर्ण ५३१ ची प्यूजो पीएक्स-१० ही चालवायला आनंदाची सायकल, भावही कमी, पण तिच्या आट्यांनी माणूस रडकुंडीला येतो. त्याकडे पुढे येतोच. प्यूजोच्याच ‘कार्बोलाइट’ नळ्यांच्या सायकली लाखोंनी निघाल्या. नाव भारदस्त असलं तरी ते साधं पोलाद आहे. आणि जपानहून ‘एनजेएस’ शिक्क्याच्या, केइरिन शर्यतींसाठीच्या फ्रेम स्वस्तात मिळताना दिसल्या तर त्या ट्रॅकवरच्या आहेत हे विसरू नये. त्यांना गियर अडकवायला जागा नसते, आणि बहुतेकींना ब्रेकसाठी भोकही पाडलेलं नसतं.

आता प्रत्यक्ष तपासणी. ही दिवसाच्या उजेडात, फ्रेम पुसून, शक्य तर चाकं काढून करावी. फोटोवरून घेणार असाल तर पुढे सांगतो त्या जागांचे जवळून काढलेले फोटो मागावेत, आणि द्यायला टाळाटाळ झाली तर सौदा सोडावा.

सर्वांत आधी पुढची टक्कर. सायकल समोरून कशावर तरी आदळली की चिमटा मागे ढकलला जातो आणि खालच्या नळीला हँडलच्या नळीपासून बोटभर-दोन बोटं मागे, खालच्या अंगाला सुरकुती पडते. वरच्या नळीलाही तशीच. बऱ्याचदा ती दिसत नाही, पण अंगठा सावकाश फिरवला की उंचवटा लागतो. रंगावर आडव्या बारीक भेगा असतील तर तीच खूण. अशी फ्रेम कितीही स्वस्त असली तरी चालवण्यासाठी घेऊ नये. बारीक भिंतीची नळी एकदा दुमडली की ती तिथेच पुढे चिरते. चिमटा एकटाच वाकला असेल आणि नळ्या निष्कलंक असतील तर गोष्ट वेगळी, चिमटा बदलता येतो. बाजूनं पाहताना चिमट्याचा वरचा सरळ भाग हँडलच्या नळीच्या रेषेत असावा. तो मागे कललेला दिसला तर मार बसलाय.

मग चिरा. त्यांच्या ठरलेल्या जागा आहेत: उजवी मागची काडी पेडलच्या घराला मिळते तो सांधा, सीट-नळीचं खालचं टोक, सीट आवळायच्या बोल्टचे दोन कान, गियरकडची खाच, खालच्या नळीवर गियरच्या दांड्या बसतात ती जागा. रंगाखालची चीर बहुधा गंजाच्या केसासारख्या रेषेनं दिसते. पोचे चिरांइतके गंभीर नसतात. हँडल फिरून वरच्या नळीवर आपटल्यानं पडलेला उथळ पोचा कित्येक फ्रेमना असतो आणि वर्षानुवर्षं काही करत नाही. पण तोच खोल, टोकदार, नळीच्या मधल्या पातळ भागात असेल तर सोडून द्यावी.

फ्रेम सरळ आहे का हे बघायला दोऱ्यासारखं साधन नाही. एका मागच्या खाचेत दोरा बांधायचा, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणायचा, ताणायचा, आणि सीट-नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. एक-दोन मिलिमीटरचा फरक क्षम्य आहे. त्याहून जास्त असेल तर मागचा भाग एका बाजूला गेलाय. पोलाद असल्यामुळे तो जाणकाराच्या हातून परत येऊ शकतो, आणि पोलादाचा हा मोठाच गुण. गियरचा वाकलेला कान तर पुष्कळदा जागेवरच सरळ होतो. पण बिनगियरच्या फॅशनच्या काळात अनेकांनी हा कान आणि केबलीचे आधार कापून, घासून टाकलेत. अशी फ्रेम दिसायला गुळगुळीत असते, गियर बसवायच्या वेळी कळतं.

गंजाबद्दल लोक उगीच घाबरतात आणि नको तिथे निर्धास्त राहतात. वरवरचा तांबूस थर, रंग उडालेल्या जागचे डाग हे घासून जातात. धोका आतला. पाणी सीट-पिलरच्या फटीतून उतरतं आणि पेडलच्या घरात साचतं, म्हणून ते घर उघडून आत दिवा मारल्याशिवाय फ्रेमचा निकाल लावू नये. फ्रेम उलटी करून हलवावी. पोपडे खडखडत असतील तर आतून पापुद्रे सुटलेत. रंगाखाली फोड आलेले असतील तर गंज आतून बाहेर आलाय, तिथे सुईचं टोक दाबून बघावं. मुंबई, कोकण, गोवा किंवा कुठल्याही समुद्रकाठी राहिलेल्या सायकलीबाबत ही तपासणी दुप्पट कसून करावी.

अडकलेला सीट-पिलर ही याहून जास्त वेळा येणारी अडचण. पोलादाच्या नळीत ॲल्युमिनियमचा पिलर वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिला की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. आत झिरपणारं तेल, उष्णता, लांब दांडा हे उपाय आहेत. सगळं फसलं तर कॉस्टिक सोड्यानं ॲल्युमिनियम विरघळवावं लागतं, पोलादाला तो धक्का लावत नाही. मात्र ते जपून, हातमोजे-चष्मा घालून, उघड्यावर करायचं काम आहे. म्हणून विकत घेण्यापूर्वी पिलर आणि हँडलची दांडी दोन्ही सैल करून हलवून दाखवायला सांगावी. ‘थोडं जाम आहे, सहज निघेल’ हे वाक्य ऐकलं तर किंमत कमी करून घ्यावी. आणि पेडलच्या घराखाली कोरलेला क्रमांक घासून काढलेला दिसला, तर ती फ्रेम चोरीची असू शकते. तिला हात लावू नये.

आट्यांचा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण खर्च इथेच वाढतो. पेडलचा एक्सल ज्या घरात बसतो त्याला इंग्लिश पद्धतीत ६८ मिलिमीटर रुंदी, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे असतात, उजव्या बाजूचे उलटे. हे माप जगभर चालतं, कप-एक्सल स्वस्तात मिळतात. जपानी फ्रेम याच मापाच्या. इटालियन घर ७० मिलिमीटर रुंद, ३६ मिलिमीटर व्यासाचं, दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. माल मिळतो, फक्त उजवा कप चालता चालता सैल होण्याची खोड असते, तो जोरात आवळावा लागतो. फ्रेंच घर ३५ मिलिमीटरचं, आटे एक मिलिमीटरच्या अंतरानं. त्याचे कप आता दुर्मिळ. हँडलच्या दांडीचा व्यासही फ्रेंच सायकलीत २२.० मिलिमीटर, तर इतरत्र २२.२, दोन दशांशांनी नवी दांडी आत जात नाही. आट्यांशिवाय दोन्हीकडून आवळून बसणारा पेडल-एक्सलचा संच हा फ्रेंच घरावरचा तोडगा आहे, तो आधीच हिशेबात धरावा.

मागच्या खाचांतलं अंतर पाच गियरच्या काळात १२० मिलिमीटर होतं, सहा-सात गियरच्या काळात १२६, पुढे १३०. आजचं चाक बसवायला १२६ ची फ्रेम १३० पर्यंत थंड स्थितीतच रुंद करता येते. दोन्ही काड्यांना फक्त दोन-दोन मिलिमीटर सरकायचं असतं, आणि नंतर खाचा पुन्हा समांतर करून घ्यायच्या. हे फक्त पोलादाला करायचं, ॲल्युमिनियमला किंवा कार्बनला कधीच नाही. जुन्या २७ इंची चाकासाठी बनलेल्या फ्रेममध्ये आजचं ७००सी चाक चालतं. रिमची त्रिज्या चार मिलिमीटरनं कमी होते, एवढंच. त्यामुळे ब्रेकचे हात लांब लागतात आणि बदल्यात टायरला जागा जास्त मिळते.

हे सगळं जुळलं तरी फ्रेम अंगाला बसत नसेल तर व्यर्थ. युरोपच्या बाजारात ५६ ते ५८ सेंटिमीटरच्या फ्रेम भरपूर आणि स्वस्त. पाच फूट पाच-सहा इंच उंचीच्या मराठी माणसाला साधारण ५० ते ५३ हवी. ती कमी मिळते, म्हणून थोडी महाग. मोठी फ्रेम घेऊन सीट खाली करण्याचा मोह टाळावा, कारण लांब वरची नळी पाठीला आणि मानेला छळते. माप सांगताना इटालियन लोक नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात आणि इंग्रज बहुधा सीट-नळीच्या वरच्या टोकापर्यंत, म्हणून एकाच आकड्याच्या दोन फ्रेममध्ये सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक पडतो. विकणाऱ्याकडून वरच्या नळीची लांबी स्वतंत्र मोजून मागावी, ती सीट-नळीपेक्षा महत्त्वाची. फार लहान फ्रेममध्ये वळताना पुढचं चाक पायाच्या बोटांना लागतं, तेही बसून बघावं. या मापांत जपानी कारखान्यांनी सर्वांत जास्त काळजी घेतली होती, माझ्या पसंतीचं हे आणखी एक कारण.

महाराष्ट्रात अशा फ्रेम किती सापडतात? फार थोड्या. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात जुनी सायकल मिळते ती बहुधा सळईच्या ब्रेकची, अठ्ठावीस इंची, वीस किलोंच्या घरातली. रॅले, हंबर, बीएसए, फिलिप्स ही नावं या सायकलींनीच आपल्या घराघरांत पोचवली, आणि पुण्यात कर्वेनगरमधल्या विक्रम पेंडसे सायकल्स या संग्रहालयात त्यांचा मोठा ठेवा मन लावून जपलेला आहे. इतिहासाचा धागा मात्र जवळचा आहे. रेनॉल्ड्स १९२८ पासून ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या ब्रिटिश समूहात होती. त्याच समूहानं १९४९ मध्ये मुरुगप्पा घराण्याबरोबर मद्रासला टीआय सायकल्स सुरू केली, आणि १९६० मध्ये रॅलेही त्याच छत्राखाली आली. रॅलेनं त्याआधीच आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना काढला होता. म्हणजे मालक एकच होते, पण भारतातल्या रस्त्यांसाठी, दूधवाल्यासाठी आणि पोस्टमनसाठी त्यांनी वेगळं, जड पोलाद वापरलं, आणि त्या कामाला ते योग्यच होतं. म्हणून मुंबई-पुणे शर्यतीच्या परंपरेतल्या जुन्या स्पर्धकांच्या घरी क्वचित एखादी हलकी परदेशी फ्रेम आढळते तेव्हा ती खरोखर मोलाची असते. तिला पावडर-कोटिंग करून चकाचक करण्याआधी तिची मूळ रंगसंगती आणि स्टिकर जपता येतील का ते पाहावं. जाड कोटिंग चिरा झाकतं आणि आट्यांत भरून बसतं. सँडब्लास्टिंग करणाऱ्याला अर्ध्या मिलिमीटरच्या भिंतीची कल्पना नसेल तर तो नळीच खाऊन टाकतो.

बहुतेकांची फ्रेम येईल ती परदेशातल्या नातलगाकडून किंवा तिथे राहत असताना स्वतः घेतलेली. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे बंधनं आहेत, म्हणून कुरियरनं मागवण्यापूर्वी सीमाशुल्काचे चालू नियम नीट पाहावेत. खोक्यात भरताना चिमट्याच्या आणि मागच्या खाचांमध्ये जुना एक्सल किंवा लाकडाचा तुकडा घट्ट बसवावा, नाहीतर वाटेत दबून काड्या आत येतात. दुरुस्तीचा विचार करताना आपल्याकडे काय होऊ शकतं हेही लक्षात घ्यावं. पितळानं जोड देणारे कुशल कारागीर आपल्या शहरांत अजून आहेत, आणि ५३१ किंवा कोलंबस एसएलचा कान, केबलीचा आधार, सुटलेला सांधा ते आच बेतानं ठेवून नीट करू शकतात. पण रेनॉल्ड्स ७५३ हे १९७६ मध्ये आलेलं उष्णतेनं कडक केलेलं पोलाद. ते कमी तापमानात वितळणाऱ्या चांदीच्या मिश्रणानंच जोडायचं असतं, आणि कंपनी ते परीक्षा पास झालेल्या फ्रेमकारांनाच विकत असे. त्याला पितळाची आच दिली की कडकपणा जातो आणि कागदासारखी भिंत तेवढी उरते. दुरुस्ती लागणारी ७५३ म्हणून इथे आणूच नये.

फ्रेम घरी आल्यावर पहिलं काम आतल्या तेलाचं. पेडलचं घर, हँडलची नळी आणि सीट-नळी उघडी करून, पूर्ण वाळवून, आत गंजरोधक तेल किंवा उकळलेलं जवसाचं तेल सोडावं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवावी आणि दोन दिवस निथळू द्यावी. पेडलच्या घराच्या तळाला भोक नसेल तर चार-पाच मिलिमीटरचं पाडून घ्यावं. पिलरला आणि सगळ्या आट्यांना भरपूर ग्रीस लावावं, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर पिलर एकदा काढून आत पाणी उतरलंय का ते पाहावं.